माळ्यावरचा गालिचा आणि त्याची पाठ

लालबागची_मुक्ता

नमस्कार मंडळी. आमची चाळ पुनर्विकासात गेली आहे, गणपतीआधी खोली रिकामी करून द्यायची आहे. माळा उतरवताना जुन्या सतरंजीत गुंडाळलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा आजोबांचा गालिचा खाली आला. चार बाय सहा फूट. लाल जमीन, गडद निळा काठ, मध्ये मोठं पाकळ्यांचं फूल, चारही कोपऱ्यांत त्याच फुलाचा एकेक चतकोर, आणि काठात कोयऱ्यांची रांग.

आजोबा गिरणीत साचाखात्यात होते. साठच्या दशकात ग्रँट रोडला एका जुन्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला, तिथून त्यांनी हा आणला. विकणाऱ्याने "येरवड्याच्या जेलचा माल आहे" असं सांगितलं होतं, एवढंच बाबांना आठवतं. वर्षातून एकदा, गणपतीत भजनी मंडळ यायचं त्या रात्री, हा पसरला जायचा. पसरण्याआधी आजोबा एक कोपरा उलटा करून आम्हा पोरांना पाठ दाखवायचे. "कापड ओळखायचं तर मागून. पुढून सगळंच नटतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वीसेक वर्षांपूर्वी एका लॉन्ड्रीत धुवायला दिला, तिथे लाल रंग फुटला आणि पांढऱ्या फुलांवर गुलाबी झाक बसली. त्यानंतर आजोबांनी तो कधी पसरला नाही.

परवा एका दुकानदाराला दाखवला. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लाल रंग एका आडव्या रेषेत विटकरी होतो, त्या रेषेवर बोट ठेवून तो म्हणाला, "डॅमेज पीस आहे, मशीनचा. पाचशे देतो." भाऊ म्हणतो देऊन टाक, नव्या भाड्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आई गप्प आहे. मला तो द्यायचा नाही, पण नुसतं भावनेने नाही म्हणण्यापेक्षा हे काय आहे ते समजून घ्यायचंय. इथे कुणाला गालिच्याची पाठ वाचता येते का?

काळाचौकी_रवी

मुक्ता, विकू नकोस. आधी फोटो टाक, पुढून आणि मागूनही.

उभा_ताणा

फोटो येईपर्यंत घरच्या घरी करता येण्यासारखं सांगतो. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात गालिच्यांच्या कामात माझी चौदा वर्षं गेली, आता मुंबईत आहे. तुमच्या आजोबांचं वाक्य तिथला प्रत्येक उस्ताद त्याच्या भाषेत सांगतो.

गालिचा उलटा करा. पाठीवर पुढची नक्षी तशीच्या तशी, रंगांसकट, दाण्यादाण्यांनी दिसली तर तो हाताने गाठी मारून विणलेला. दर दाणा म्हणजे एक गाठ. पाठीला कॅनव्हास चिकटवलेला असेल तर तो टफ्टेड: कापडावर गनने लोकर टोचतात आणि मागून लॅटेक्स लावतात. मुंबईच्या दमट हवेत ते लॅटेक्स काही वर्षांनी भुसा होऊन गळायला लागतं. मशीनच्या गालिच्याचे दाणे एकसारखे असतात, आणि कडेची दशा बऱ्याचदा नंतर शिवलेली असते. हातमागाच्या गालिच्यात दशा वेगळी लावत नाहीत. आतला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तोच बाहेर आलेला असतो. दशा धरून मुळाशी बघा, धागा विणीत आत जातोय की वरून टाचलाय.

मग पट्टी ठेवून एका इंचात आडव्या किती गाठी आणि उभ्या किती, ते मोजा. दोन्हींचा गुणाकार करा.

गाठी मुख्यतः दोन जातींच्या. तुर्की गाठीत लोकरीचा धागा ताण्याच्या दोन्ही तारांना वेढा घालतो आणि दोन्ही टोकं मधून वर येतात. फारसी गाठीत तो एका तारेला पूर्ण वेढतो आणि दुसरीच्या फक्त मागून जातो. आपल्याकडे बहुतेक फारसी गाठच चालते, कारण वळणदार वेल, पाकळी, पान यांना ती जास्त वळते. हातचलाखी करणारा दोनऐवजी चार तारांवर एक गाठ मारतो, तिला जुफ्ती म्हणतात. काम निम्म्यात उरकतं, पण लव, म्हणजे वरचे लोकरीचे मऊ केस, विरळ होते.

मीनल_ठाणे

मुक्ताताई, त्या आडव्या रेषेबद्दल. माझी मावशी काश्मीरहून आलेल्या गालिच्यातला असाच पट्टा दाखवून सांगायची की विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण निर्दोष फक्त देवच. तसंच असेल का?

उभा_ताणा

मीनलताई, ही गोष्ट मला अनेक दुकानांत ऐकायला मिळाली, मागावर कुणाच्या तोंडून एकदाही नाही. आठ-आठ तास पाटावर बसून गाठी मारणाऱ्याला मुद्दाम चूक करायची गरज पडत नाही. ती आपसूक होते.

मुक्ताताईंच्या गालिच्यातली रेषा वेगळी आहे. तिला अबरश म्हणतात. लोकर घाणीघाणीने, म्हणजे एकेका कढईच्या खेपेने, रंगवली जाते. एक घाण संपली की दुसरी कढई चढते, आणि पाणी, ताप, लोकरीतलं तेल यांत थोडा फरक पडला तरी छटा बदलते. गालिचा खालून वर विणत जातात, म्हणून बदल आडव्या रेषेतच दिसतो. मशीनच्या मालात असा पट्टा नको म्हणून कारखाना आधीच काळजी घेतो. म्हणजे ज्या रेषेमुळे त्या दुकानदाराने मशीनचा म्हटलं, ती रेषाच उलट साक्ष देते.

एक गोष्ट मात्र मन घट्ट करून ऐका. लॉन्ड्रीत लाल फुटला, यावरून तो मंजिष्ठेचा, म्हणजे झाडाच्या मुळांपासून काढलेला, नसावा. तुरटीत नीट बसवलेली मंजिष्ठा सहसा पाण्याला सुटत नाही. सुटतो तो रासायनिक लाल. १८५६ मध्ये विल्यम पर्किनला डांबरातून जांभळा रंग सापडला आणि पुढच्या काही दशकांत असे रंग जगभरच्या मागांवर पोचले. स्वस्त, झटपट, भडक. सुरुवातीचे बरेचसे कच्चे होते.

नाना_दादर

येरवड्याचा उल्लेख वाचून राहवलं नाही.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात हिंदुस्थानी गालिचे मांडले गेले आणि विलायतेत मागणी उसळली. सरकारने आणि काही संस्थानांनी कैद्यांच्या हाताला काम म्हणून तुरुंगांत माग बसवले. आग्रा, लाहोर, जयपूर, बिकानेर आणि आपलं येरवडा. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला एक अवाढव्य गालिचा आजही विंडसर किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनात आहे. तो व्हिक्टोरिया राणीसाठी विणला होता.

या तुरुंगी गालिच्यांवर सडकून टीका करणाऱ्यांत जॉर्ज बर्डवुड हे इंग्रज अधिकारी होते. जन्म बेळगावचा. भायखळ्याचं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, त्याच्या उभारणीच्या काळात संग्रहाची जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. त्यांचं म्हणणं होतं की फुकट मजुरीवर तयार होणारा तुरुंगाचा माल बाजारात उतरला की घरी माग चालवणारा वंशपरंपरेचा विणकर त्याच्यापुढे टिकत नाही. त्यात रासायनिक रंगांनी जुनी रंगसंगतीही बिघडते. पहिला मुद्दा मला आजही खरा वाटतो. गिरणगावात राहणाऱ्याला, आपलं काम स्वस्तात दुसरीकडे गेलं की घराचं काय होतं हे सांगायला लागत नाही.

पण मुक्ता, बर्डवुडसाहेबांनी नावं ठेवली म्हणून तुझ्या गालिच्याची किंमत कमी होत नाही. जेलचा असेल तर ज्याने तो विणला त्याला मजुरी नव्हती, आणि खाली सही करायची सोयही नव्हती.

बडोदेकर_सुना

मराठी माणूस आणि गालिचा म्हटलं की मला आमचा बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आठवतो. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास तो करवून घेतला. गाठींचा नाही, भरतकामाचा: रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर आखातातले बारीक बसरा मोती, पंधरा लाखांच्या आसपास, आणि त्यांत हिरे, माणकं, पाचू, नीलम. महाराजांना तो मदिनेला पैगंबरांच्या समाधीसाठी अर्पण करायचा होता. एका मराठा राजाचा हा संकल्प होता, हे मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगते. १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो राजघराण्याबरोबर युरोपात गेला. २००९ मध्ये दोह्याला लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मोत्यांची वेलबुट्टी तशीच फिरते जशी लोकरीच्या गालिच्यात: मध्ये फुलं, भोवती काठ, काठाच्या आत आणखी बारीक काठ.

पैठणकर_वैदेही

काठाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी पैठण्यांवर काम करते, गालिचा बघताना माझा डोळा आधी काठावर जातो. साडीला काठ-पदर नसेल तर ती जशी उघडी वाटते, तसं गालिच्याचंही आहे. आतली नक्षी कितीही पसरत असो, काठ तिला घर देतो. इराणी पद्धतीच्या गालिच्यात एकच काठ नसतो. मोठ्या काठाला दोन्ही बाजूंनी बारीक पट्ट्या असतात, आपल्याकडे दाराच्या चौकटीवर कोरीव पट्ट्या असतात तशा.

मुक्ताच्या गालिच्यातली मधली फुलासारखी आकृती म्हणजे तुरंज, आणि कोपऱ्यातले चतकोर त्याच्याशी जुळवलेले. आपण जणू एखाद्या खिडकीतून पुढे अनंत पसरलेल्या नक्षीचा एवढाच तुकडा पाहतो आहोत, असा तो मांडलेला असतो. दुसरी मोठी मांडणी बागेची, चारबाग. मध्ये छेदणारे पाण्याचे पाट, त्यांत मासे, काठावर सरू आणि फळझाडं. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात सतराव्या शतकातला असा बागेचा गालिचा आहे. वाळवंटाच्या देशात माणूस घरात बाग अंथरतो, ही कल्पनाच मला फार आवडते.

आणि कोयरी! गालिचेवाले तिला बुटा म्हणतात. सरूच्या झाडाचा वाऱ्याने वाकलेला शेंडा, असा तिचा एक अर्थ लावतात. काश्मिरी शालींवरून ती विलायतेला गेली, स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या मागांवर तिच्या नकला निघाल्या आणि जगाने तिला त्या गावाचं नाव दिलं. आपल्याकडे मात्र ती कैरीच राहिली. माझ्या आजीची हळदीकुंकवाची चांदीची कोयरी अगदी याच आकाराची आहे. तेव्हा "हे नक्षीकाम आपलं नाही" असं भाऊ म्हणाला तर त्याला देवघरात नेऊन कोयरी दाखव.

काळाचौकी_रवी

वैदेही, मस्त लिहिलंस. शब्दही बघा ना. गालिचा, जाजम, हे शब्द बाहेरून आले आणि लग्नाच्या बैठकीत असे मुरले की आता वेगळे काढता येत नाहीत.

उभा_ताणा

आता ज्या गोष्टीसाठी मी या धंद्यात पडलो ती सांगतो. नक्षी मागापर्यंत पोचते कशी?

भदोहीत आमच्याकडे आलेखाच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे एक गाठ, असा नकाशा असतो. काश्मीरमध्ये त्याहून नवलाची रीत आहे, तालीम. तिथे चित्र समोर नसतंच. लांबट कागदाच्या पट्टीवर ओळीने खुणा असतात. एक खूण रंगाची, एक आकड्याची. म्हणजे "किरमिजी तीन, निळा एक, पांढरा दोन" अशी गाठींची लिपी. एक जण ती सुरात वाचतो, मागावरचे बाकीचे त्याला होकार देत गाठी मारतात. ही लिपी मुळात काश्मीरच्याच कानी शालींच्या विणकरांची, तिथून गालिच्यात आली. श्रीनगरमध्ये एका घरात पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं शेजारी कुणी पोथी वाचतंय. विणणाऱ्याला पूर्ण फूल कसं दिसेल हे माहीतही नसतं, आणि ओळ चढत गेली की फूल उमलत येतं.

प्रत्येक गाठीनंतर धागा सुरीने तोडायचा. ओळ झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकायचा, आणि लोखंडी पंजाने ठोकून बसवायचा. तो ठोका माग असलेल्या गल्लीत दिवसभर ऐकू येतो. हात बसलेला विणकर दिवसाला आठ-दहा हजार गाठी मारतो.

आणि ही विद्या किती जुनी? १९४९ मध्ये रुदेन्को या रशियन संशोधकाला अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे एका थडग्यात गालिचा सापडला. ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला, सुमारे १.८३ मीटर बाय दोन मीटर. चोरांनी पाडलेल्या भोकातून थडग्यात पाणी शिरलं, गोठलं, आणि त्या बर्फाने लोकर जपली. काठावर घोडेस्वार आणि हरणं चालली आहेत. दर चौरस डेसिमीटरला सुमारे ३६०० गाठी. इतकं सफाईदार काम कुणाचा पहिला प्रयत्न असूच शकत नाही. त्याच्या मागे पिढ्या गेल्या असणार.

मीनल_ठाणे

काका, विणकराची सही असलेला एखादा गालिचा आहे का?

उभा_ताणा

आहे, आणि तोही जगातला सगळ्यात नावाजलेला. इराणमधल्या अर्दबीलचा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला. साडेदहा मीटर बाय सव्वापाच मीटरच्या आसपास. रेशमाचा ताणाबाणा, लोकरीची लव, आणि एका टोकाला हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०, हे साल. फारसी कवी हाफिजच्या दोन ओळींखाली लिहिलंय: उंबरठ्याचा दास मकसूद काशानी याचं काम. मूळचा तो एकाच जोडीतला. एकोणिसाव्या शतकात एकाचे तुकडे कापून दुसऱ्याची दुरुस्ती केली. कापलेला आज लॉस एंजेलिसमध्ये आहे. दुरुस्त केलेला लंडनच्या संग्रहालयाने १८९३ मध्ये, विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराने शिफारस केली म्हणून, २००० पौंडाला घेतला.

पण मकसूद हा बहुधा काम करवून घेणारा. दोन कोटींहून जास्त गाठी मारणाऱ्यांची नावं तिथेही नाहीत.

स्वाती_कांदिवली

नावं नसलेल्या हातांवरून मला लिहावंच लागेल. इथे सौंदर्याबद्दल भरभरून आलं, ते हवंच. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या गालिच्यांच्या पट्ट्यात लहान मुलं मागावर बसवली जायची. बोटं लहान म्हणून गाठ बारीक येते, असं समर्थन दिलं जायचं. गहाण टाकलेली, बिहारातून आणलेली पोरं. कैलाश सत्यार्थींनी ती सोडवण्यात आयुष्य घातलं, आणि त्या लढ्यातूनच नव्वदच्या दशकात रगमार्क हे लेबल निघालं. आज त्याचं नाव गुडवीव्ह आहे. लेबल असलेल्या मालाच्या मागांची न सांगता तपासणी होते. २०१४ मध्ये सत्यार्थींना नोबेल मिळालं.

नवीन गालिचा घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: नक्षी विचारता तसं लेबलही विचारा. लहान बोटांची गाठ चांगली, हे खोटं आहे. काका, बरोबर ना?

उभा_ताणा

शंभर टक्के खोटं. चांगली गाठ सरावाने येते, आणि सराव यायला वर्षं लागतात. मी पाहिलेली सर्वांत बारीक गाठ एका पासष्ट वर्षांच्या उस्तादांची होती.

नाना_दादर

स्वातीताई, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. अफगाणिस्तानातले युद्धाचे गालिचेही मला असेच आठवतात. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि फुलांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टर, बंदुका विणल्या जाऊ लागल्या. काठ मात्र जुनाच, वडिलोपार्जित. समोर जे दिसतं ते विणकर जुन्या चौकटीत बसवतो.

शिवडीची_आत्या

मुक्ता बाळा, पावसाळा आहे म्हणून सांगते. घडी घालू नकोस, घडीवर ताणा मोडतो. लव बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळ, आत जाड पुठ्ठ्याची नळी घाल, आणि सुती चादरीत बांध. प्लॅस्टिकमध्ये मुळीच नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. कसर लागलीय का ते पाठीकडून बघ. बारीक जाळी किंवा वाळूसारखे कण दिसले तर उन्हं पडतील त्या दिवशी दोन्ही बाजूंनी ऊन दाखव, पण लाल कच्चा आहे म्हणतात तर जास्त वेळ नको. झाडू लवेच्या दिशेने मार. पाण्याने पुन्हा धुवू नकोस. आधी ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबून रंग येतो का ते बघ.

लालबागची_मुक्ता

सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री जेवणं झाल्यावर गालिचा उलटा पसरला आणि बाबा, भाऊ, मी पट्टी घेऊन बसलो.

पाठीवर सगळी नक्षी आहे, दाण्यादाण्यांनी. एका इंचात नऊ आडव्या, नऊ उभ्या. म्हणजे चौरस इंचाला ८१. आमचा गालिचा ४८ बाय ७२ इंच, भावाने मोबाइलवर गुणाकार केला: २ लाख ७९ हजार ९३६. दिवसाला आठ हजार धरल्या तर एका माणसाचे पस्तीस दिवस. आकडा बघून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्वतःच विटकरी रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "म्हणजे इथे लोकर संपली." उभा_ताणा काका, तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं होतं.

दशा आतूनच आलेल्या आहेत, दोन्ही टोकं बघून खात्री केली. पण एका टोकाला, साधारण वीतभर, दशांच्या मुळाशी पांढऱ्या सुताचे टाके आहेत. बाकी ताणा पिवळट पडलाय, हे सूत अजून पांढरं आणि जास्त पिळाचं. मला वाटलं मागावरच कुणी सांधलं असेल. आई तोवर भांडी घासत होती. ती हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे तुझ्या आजोबांचं. उंदराने कुरतडलं होतं त्या वर्षी. गिरणीतून बॉबिनचं सूत आणून रात्री खिडकीत बसून घातलेत."

बाबांनाही हे माहीत नव्हतं.

गालिचा आमच्याबरोबर येतोय. पुठ्ठ्याची नळी आत्यांनी सांगितली तशी हवी आहे, चार फुटांपेक्षा थोडी लांब. लालबाग-परळकडे कापडाच्या दुकानात मिळेल का, की मंगलदास मार्केटला जावं लागेल?

काळाचौकी_रवी

मंगलदासला कशाला. माझ्या पडद्याच्या कापडवाल्याकडे रिकाम्या नळ्या पडून असतात. रविवारी घेऊन येतो. आणि गणपतीत भजनाला किती जण बसवणार ते सांग, पेटी माझ्याकडे आहे.